दगडाचा ब्रेक

रात्री लळिंगच्या घाटातून मोटारसायकलवर जाणाऱ्या माणसाला खड्ड्यापेक्षा दगडाची धास्ती जास्त असते. दगड डोंगरावरून आलेला नसतो. चढावर एखादा ट्रक बंद पडलेला असतो, क्लीनरने उडी मारून मागच्या चाकाला दगड लावलेला असतो, दुरुस्ती होते, ट्रक निघून जातो आणि दगड रस्त्यातच राहतो. धुळे-मालेगाव रस्त्यावर हा प्रकार जुना आहे. तसाच दगड जळगावकडच्या पुष्कळ ट्रॅक्टर-ट्रॉल्यांत कायमचा मुक्कामाला असतो. केळीचे घड, कापसाचे गठ्ठे, ऊस, विटा असा माल बदलत राहतो. कोपऱ्यातला दगड तोच. ट्रॉली उतारावर उभी करायची वेळ आली की तो बाहेर येतो. खरं म्हणजे त्या ट्रॉलीला असलेला तो एकमेव ब्रेक आहे.

आपल्याकडे ओढण्याची चर्चा फार होते. नवा ट्रॅक्टर दारात आला की पहिला प्रश्न येतो, "किती एचपीचा, भो?" दुसरा, "भरलेल्या दोन ट्रॉल्या चढाला खेचतो का?" भरलेल्या दोन ट्रॉल्या उताराला थांबवतो का, हे विचारलेलं मी तरी ऐकलेलं नाही. ओढणं आणि थांबवणं ही दोन वेगळी कामं आहेत. इंजिनाच्या ताकदीचा पहिल्याशी जवळचा संबंध आहे, दुसऱ्याशी फारच थोडा.

थोडा हिशेब करून पाहू. आकडे सोयीचे घेतो, पण वस्तुस्थितीपासून दूरचे नाहीत. ट्रॅक्टर दोन-सव्वादोन टनांचा. बहुतेक ट्रॅक्टरना ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतात आणि त्या चाकांवर साधारण १.४ टन भार असतो. कोरड्या डांबरावर टायरची पकड भाराच्या साठ टक्के धरली, तर ताशी २५ किलोमीटर वेगाने एकटा चाललेला ट्रॅक्टर ब्रेक लागल्यावर सहा-साडेसहा मीटरांत थांबतो. आता मागे भरलेली ट्रॉली जोडा आणि एकूण वजन १२ टन धरा. दोनचाकी ट्रॉली आपला थोडा भार हुकावर टाकते, म्हणून ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर १.४ ऐवजी २ टन आले असं उदारपणे मानू. थांबवणारी चाकं तीच दोन. थांबवायचं वजन पाचपटीहून जास्त. सपाट रस्त्यावर हे प्रकरण थांबायला जवळपास २५ मीटर घेतं. वीस मीटरला एक मीटर उतरणाऱ्या रस्त्यावर ५० मीटर. बारा मीटरला एक असा उतार असेल तर दीडशे मीटरच्या आसपास. आणि हे सगळं ताशी २५ ला. चालक चाळीसने येत असेल तर सपाटीवरचे २५ मीटर साठाच्या पुढे जातात, कारण थांबायचं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. ब्रेककडे पाय जाईपर्यंत कापलेलं अंतर यात मी धरलेलंच नाही.

उतारावर आणखी एक गोष्ट घडते. चढावर आणि सपाटीवर ट्रॅक्टर ट्रॉलीला ओढत असतो. ब्रेक मारला की ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलू लागते. बैलगाडी हाकलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. उताराला गाडी बैलांच्या अंगावर येते, जू पुढे सरकतं आणि बैल मागचे पाय रोवून अंगाने गाडी धरतात. ट्रॅक्टरही तेच करू पाहतो. पण तो नेमका सरळ रेषेत असेल तरच ढकलणी निभावते. रस्त्याला जरा वळण असलं, किंवा खड्डा चुकवायला स्टिअरिंग थोडं फिरवलेलं असलं, तर मागून येणारं दहा टनी ट्रॉलीचं बळ हुकाला आडवं ढकलतं. त्या क्षणी ट्रॅक्टरची मागची चाकं लॉक झालेली असली तर बाजूला सरकण्याला विरोध करायची ताकद त्यांच्यात उरत नाही. मग ट्रॅक्टर आणि ट्रॉली अडकित्ता मिटावा तशी मिटतात. चालक मधल्या सुपारीच्या जागी असतो.

त्यातच ट्रॅक्टरची एक खास गंमत आहे, जी मोटार चालवणाऱ्यांना सहसा ठाऊक नसते. ट्रॅक्टरला ब्रेकची पेडलं दोन असतात, डाव्या चाकाचं वेगळं आणि उजव्याचं वेगळं. शेताच्या बांधाशी आखूड वळण घ्यायला एकच चाक धरता यावं म्हणून ही सोय. रस्त्यावर येताना दोन्ही पेडलं जोडणारी छोटी पट्टी लावायची, हे कंपनीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. पण ती पट्टी कित्येक ट्रॅक्टरवर लोंबकळत असते किंवा कधीच तुटून गेलेली असते. भरल्या ट्रॉलीसह घाईघाईत पाय एकाच पेडलवर पडला, तर ट्रॅक्टर थांबत नाही, वळतो. पुढचं वर दिलंच आहे.

आता रावेरच्या किंवा सावद्याच्या स्टेशनाशी उभं राहून पाहा. केळी भरलेली ट्रॉली रस्त्याने धडधडत येते. पलीकडे रुळांवरून खंडव्याकडची मालगाडी जाते, मागे पन्नासहून जास्त वाघिणी. तीही ट्रॉल्यांची माळच आहे, फक्त लांब. पण त्या प्रत्येक वाघिणीला स्वतःचा ब्रेक आहे. हे रेल्वेला उपजत सुचलेलं नाही, फार महागात शिकावं लागलं आहे. गंमत अशी की त्या शिकवणीतही दगडच आहे.

१२ जून १८८९. आयर्लंडमधल्या आर्मा गावाहून रविवारच्या शाळेतल्या मुलांची सहलीची गाडी निघाली. चढ इंजिनाला झेपेना. तेव्हा गाडीचे दोन भाग करून पुढचा भाग आधी वर न्यायचा आणि मागचा नंतर, असं ठरलं. गाडीला निर्वात ब्रेक होता, पण जुन्या तऱ्हेचा: इंजिनाने निर्वात निर्माण केला तरच तो लागायचा. डबे सुटे केले की मागच्या भागातला ब्रेक गेला. उरला तो शेवटच्या डब्यातला गार्डचा हातब्रेक आणि चाकांखाली लावलेले दगड. पुढचा भाग निघताना किंचित मागे सरकला, त्याचा धक्का बसला, दगड भरडले गेले आणि मागचे डबे उताराने सुटले. मागून दुसरी गाडी येत होती. सुमारे ८० माणसं मेली, त्यांत मुलं पुष्कळ. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून प्रवासी गाड्यांना सलग आणि आपोआप लागणारा ब्रेक सक्तीचा केला.

'आपोआप' हा शब्द इथे महत्त्वाचा. ही युक्ती अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८७२ मध्येच काढली होती. त्याचा १८६९ चा पहिला हवेचा ब्रेक सरळ विचाराचा होता: नळीत हवा सोडली की ब्रेक लागतो. नळी फुटली तर काही लागत नाही. तीन वर्षांनी त्याने हा विचार उलटा केला. नळीत हवेचा दाब सतत ठेवायचा आणि प्रत्येक डब्याखाली हवेची छोटी टाकी बसवायची. नळीतला दाब कमी झाला की डब्याखालची झडप टाकीतली हवा ब्रेककडे सोडते. म्हणजे ब्रेक सुटलेला राहावा यासाठी दाब लागतो; दाब गेला की ब्रेक लागतो. चालकाने मुद्दाम दाब सोडला, कोणी साखळी ओढली, नळी फाटली किंवा गाडी तुटून दोन तुकडे झाले, तरी परिणाम एकच: दोन्ही तुकडे आपापल्या ब्रेकने थांबतात. आपल्या रेल्वेने आधी याच तत्त्वाचा निर्वात ब्रेक वापरला आणि नंतर ती हवेच्या ब्रेकवर आली. भुसावळला गाडी उभी असताना डब्यांखालून फुस्स आवाज येतो तो याच हवेचा. ब्रेकच्या मुख्य नळीत दर चौरस सेंटिमीटरला पाच किलो दाब ठेवलेला असतो.

या पद्धतीचीही एक खोड आहे. दाब परत भरला तरी एखाद्या डब्याचा ब्रेक सुटतच नाही. ठोकळा चाकाला घासत राहतो, ठिणग्या उडतात, धूर निघतो, वास सुटतो. २२ जानेवारी २०२५ ला पाचोरा तालुक्यात परधाडेजवळ पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आगीची अफवा उठली. रेल्वेच्या प्राथमिक माहितीप्रमाणे त्यामागे अशाच घासणाऱ्या ब्रेकच्या किंवा तापलेल्या आसाच्या ठिणग्या असाव्यात. लोकांनी साखळी ओढली, गाडी थांबली, माणसं शेजारच्या रुळांवर उतरली आणि त्या रुळांवरून कर्नाटक एक्स्प्रेस आली. किमान १२ माणसं गेली. ब्रेकने आपलं काम केलं होतं, थोडं जास्तच केलं होतं. थांबलेल्या गाडीतून कोणत्या बाजूला उतरायचं, हे मात्र कोणतंही यंत्र शिकवत नाही.

रस्त्यावरच्या मोठ्या कंटेनरला रेल्वेची ही बुद्धी मिळालेली आहे. पुढचं इंजिन आणि मागचा ट्रेलर यांच्यामध्ये हवेच्या नळ्या लोंबताना दिसतात. एकीतून ट्रेलरच्या टाकीत हवा भरली जाते, दुसरीतून 'ब्रेक लाव' हा निरोप जातो. पहिली तुटली तर ट्रेलरचे ब्रेक आपोआप बसतात. पुढच्या इंजिनाच्या चाकांना स्प्रिंगचा पार्किंग ब्रेक असतो. हवा त्या स्प्रिंगला दाबून ठेवते, हवा गेली की स्प्रिंग चाक धरते. "हवा बनत नाही, गाडी हलत नाही" ही ढाब्यावरची तक्रार म्हणजे खरं तर यंत्राने दिलेली सुरक्षेची पावती आहे.

मग एवढं असूनही 'ब्रेक फेल' कसे होतात? ४ जुलै २०२३ ला मुंबई-आग्रा महामार्गावर शिरपूर तालुक्यातल्या पळासनेरला मध्य प्रदेशाकडून आलेला एक कंटेनर वाहनांना धडकत थांब्याजवळच्या हॉटेलात घुसला आणि किमान १० माणसं मेली. ब्रेक निकामी झाल्याचं पोलिसांनी सांगितलं. त्या कंटेनरच्या आत नेमकं काय बिघडलं, याचा निवाडा इथे बसून करता येणार नाही. पण घाट उतरणाऱ्या जड गाडीचे ब्रेक बहुतेक वेळा कसे जातात, ते सांगता येतं. हवा असते, पेडल चालतं, नळ्या शाबूत असतात. फक्त ब्रेक तापलेला असतो.

ब्रेक वेग खाऊन उष्णता बाहेर टाकतो, त्याच्याकडे दुसरा मार्ग नाही. ३० टनांची गाडी ३०० मीटर उंची उतरली, तर जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते तिच्यात एक पिंपभर पाणी गार असल्यापासून उकळेपर्यंत तापवता येईल, वर आणखी थोडं उरेल. ही सगळी उष्णता चाकांतल्या लोखंडी ड्रममध्ये जाते. ड्रम तापून फुगतो, म्हणजे लायनरपासून दूर जातो. लायनर तापून गुळगुळीत होतो, त्याची पकड घटते. पेडल तेवढंच दाबूनही गाडी कमी थांबते, म्हणून चालक आणखी दाबतो आणि ब्रेक आणखी तापतो. जीप-टेम्पोसारख्या तेलाच्या ब्रेकमध्ये तर तेलच उकळतं. वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल रिकाम्या पिशवीसारखं खाली जातं. घाटाच्या पायथ्याशी जळका वास येतो तो क्लचचा असेल किंवा या लायनरचा. अर्धा तास थांबलं की ब्रेक पुन्हा चालतो, म्हणून गॅरेजवाल्यालाही काही सापडत नाही. लायनर घट्ट केले, पैसे घेतले, गाडी निघाली.

जुने चालक म्हणतात, ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर. यात कसलीही अंधश्रद्धा नाही. खालच्या गिअरमध्ये इंजिन स्वतःच गाडीला धरून ठेवतं. उष्णतेचा मोठा वाटा ड्रममध्ये जाण्याऐवजी इंजिनातून बाहेर पडतो. ब्रेक मग मधूनमधून, थोडा वेळ आणि नीट दाबायचा. याच्या नेमकं उलट म्हणजे न्यूट्रल मारून घाट उतरणं. डिझेल वाचतं म्हणून हे केलं जातं आणि तेही खोटं आहे: गिअरमध्ये असताना पाय उचलला की आजचं इंजिन डिझेल घेणं जवळजवळ बंदच करतं, न्यूट्रलमध्ये मात्र ते सुरू राहण्यासाठी थेंब थेंब पीत राहतं. वाचत काहीच नाही, आणि गाडीचा सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो. चाळीसगाव-कन्नडमधल्या औट्रम घाटातून २०२३ मध्ये औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने जड वाहनांना बंदी झाली, तेव्हा ट्रकवाल्यांनी लांबच्या फेऱ्यावरून पुष्कळ शिव्या घातल्या. त्या घाटातली कोंडी आणि अपघात पाहिलेल्या चाळीसगावकरांनी मात्र फारशी तक्रार केल्याचं मला आठवत नाही.

आपल्या भागातली काही मुलं अमेरिकेत स्थायिक झाली आहेत. त्यांच्या सुट्टीच्या फोटोंत कधी एक अजब वरात दिसते: पुढे बसएवढं चालतं-फिरतं घर, आत स्वयंपाकघर आणि पलंग, आणि मागे लोखंडी दांड्याने बांधलेली, चारही चाकांवर चालणारी रिकामी मोटार. मुक्कामी पोचलं की मोठं घर उभं करायचं आणि गावात फिरायला लहान गाडी सोडायची. महाराष्ट्र सरकारनेही २०२१ मध्ये कॅरव्हान पर्यटनाचं धोरण आणलं. मागे मोटार बांधायची चैन मात्र अजून इकडे आलेली नाही. पण त्या वरातीतला प्रश्न आपल्या ट्रॉलीचाच आहे. मागची मोटार दीड-दोन टनांची. तिला चांगले चार ब्रेक आहेत, पण दाबायला आत कोणी नाही. मग तिच्या पेडलवर एक यांत्रिक पाय बसवतात. पुढच्या गाडीचा ब्रेक लागला किंवा वेग एकदम कमी झाला, की तो पाय तेवढ्याच प्रमाणात पेडल दाबतो. जोडणीचा दांडा तुटलाच, तर एक बारीक तार खुंटी ओढते आणि मागच्या गाडीचा ब्रेक आपोआप बसतो. वेस्टिंगहाउसचीच कल्पना, दीडशे वर्षांनी, मोटारीच्या पायाशी. किती वजनापासून हे बंधनकारक, याचे नियम तिथे राज्याराज्यांत वेगळे आहेत. युरोपात ७५० किलोपर्यंतच्या ट्रेलरला ब्रेक नसला तरी चालतो, त्यापुढे हवाच.

७५० किलो. आपल्या कितीतरी ट्रॉल्या रिकाम्यासुद्धा त्याहून जड भरतात.

मोटारीमागे मोटार ओढण्याचा आपला अनुभव वेगळा आहे. गाडी बंद पडते आणि दोर बांधावा लागतो. एकदा पाळधीच्या अलीकडे माझी गाडी बंद पडली. एका भल्या ट्रॅक्टरवाल्याने नायलॉनचा दोर टाकला आणि जळगावच्या दिशेने निघाला. पहिल्या गतिरोधकाला मी ब्रेक दाबला, दुसऱ्याला दाबला, तिसऱ्याला पेडल दगडासारखं झालं. ब्रेक बिघडला नव्हता. मोटारीचा ब्रेक आपल्या पायाला हलका लागतो तो बूस्टरमुळे, आणि बूस्टरला निर्वात पुरवतं चालू इंजिन. इंजिन बंद असलं की शिल्लक निर्वातावर दोन-तीनदा पेडल हलकं जातं. पुढे दोन्ही पायांचा जोर लावून दाबावं लागतं. स्टिअरिंगचंही तेच. किल्ली काढून घेतली तर ते लॉकच होतं, म्हणून ओढून नेताना किल्ली चालू जागेवर हवी.

दोर असला की दोन्ही वाहनांचा ब्रेक खरं तर मागच्याने सांभाळायचा असतो. दोर ताणलेला राहील इतपत त्याने हलका ब्रेक धरायचा. दोर ढिला पडला की पुढचा हिसका हुक उपटतो किंवा बंपर. दोराऐवजी लोखंडी दांडा केव्हाही बरा, कारण दांडा असेल तर मागची गाडी पुढच्यावर आदळत नाही. ऑटोमॅटिक गिअरची गाडी आणि विजेवर चालणारी गाडी तिची चालणारी चाकं रस्त्यावर ठेवून ओढायची नाही, क्रेनच बोलवायची; गिअरबॉक्स किंवा मोटर जळते. ओढण्याची कडी बहुतेक गाड्यांत टूलकिटमध्ये असते आणि बंपरवरचं लहान झाकण काढून ती आत फिरवून बसवावी लागते. ती तिथे आहे हे गाडीच्या मालकाला दहा-दहा वर्षं ठाऊक नसतं. मला नव्हतं.

कायद्याने हे सगळं लिहून ठेवलेलं होतं. २०१७ पर्यंत लागू असलेल्या १९८९ च्या रस्ता-नियमावलीप्रमाणे नादुरुस्त गाडी जवळच्या गॅरेज किंवा पेट्रोल पंपापर्यंतच ओढता येई. मागच्या गाडीत परवाना असलेला माणूस लागे, नाहीतर पुढची चाकं क्रेनने उचललेली लागत. दोन गाड्यांत पाच मीटरपेक्षा जास्त अंतर चालत नसे. दोर इतरांना सहज दिसेल असा लागे. मागे पांढऱ्या पाटीवर काळ्या अक्षरांत 'ऑन टो' लिहिलेलं लागे. आणि वेग ताशी २४ किलोमीटरच्या वर चालत नसे. जळगाव-धुळे रस्त्यावर दोराने ओढलेल्या गाडीमागे पाटी पाहिल्याचं मला आठवत नाही. दोराला लाल फडकं बांधलेलं मात्र पाहिलं आहे. आपला कायदा आपण असा आपल्या हाताने पाळतो.

ट्रॉलीला ब्रेक बसवणं अशक्य आहे का? नाही. सगळ्यात साधी तऱ्हा धक्क्यावर चालणारी. हुकाजवळचा दांडा दोन नळ्यांचा, एकात एक सरकणारा. ट्रॅक्टर थांबू लागला की ट्रॉली पुढे ढकलते, आतली नळी सरकते आणि तिला जोडलेली दांडी ट्रॉलीच्या चाकांचे ब्रेक दाबते. म्हणजे ज्या ढकलणीने अडकित्ता मिटतो, तीच ढकलणी ब्रेक लावते. युरोपात साडेतीन टनांपर्यंतच्या ट्रेलरना हे चालतं. त्याचे तोटेही आहेत: रिव्हर्स घेताना ब्रेक लागतो, म्हणून मागे नेण्यासाठी कुलूप लागतं, लांब उताराला तो सतत घासून तापतो, आणि दहा टनांच्या ट्रॉलीला तो पुरत नाही. मोठ्या ट्रॉलीला ट्रॅक्टरच्या तेलाच्या दाबावर किंवा हवेवर चालणारा ब्रेकच हवा, आणि तो ट्रॅक्टरच्या पेडलला जोडलेला हवा. धुऱ्याला ड्रम, लायनर, एक नळी, एक जोडणी. ट्रॉलीच्या किमतीत थोडी वाढ होईल, तीच नको म्हणून बनवणारा बसवत नाही आणि घेणारा मागत नाही. ट्रॉलीचा सौदा करताना फाळक्याचा पत्रा किती जाडीचा, हे मात्र बोटाने ठोकून पाहिलं जातं.

तोपर्यंत जे आहे त्यावर चालायचं, तर निघण्याआधीची पाच मिनिटं पुष्कळ काही सांगतात. दोन्ही पेडलं जोडणारी पट्टी लावली का. हुकाच्या पिनीला खालून दुसरी बारीक पिन आहे का. पिन निसटलीच तर ट्रॉली धरून ठेवणारी साखळी आहे का. भार धुऱ्याच्या किंचित पुढे आहे का, कारण तो मागे गेला तर ट्रॉली ट्रॅक्टरला मागून उचलते, चाकांवरचा भार कमी होतो आणि ब्रेकची पकडही. मग गावाच्या रस्त्यावर, अजून वेग नसताना, एकदा ब्रेक दाबून पाहायचा: ट्रॅक्टर सरळ थांबतो की एका बाजूला ओढतो. आणि दगड ट्रॉलीत असू द्या, पण निघताना उचलून परत आत टाकायला विसरू नका. लळिंगच्या घाटात मागून मोटारसायकलवाले येत असतात.